बयाणा घेतला, काम झालं नाही: तुरुंग कोणाला?

मे २०२५ च्या पहिल्या आठवड्यात वाशिंदजवळच्या गावात आमच्या खालाच्या घराची कौलं उतरवली गेली. भिंती दोन फूट उचलायच्या आणि वर स्लॅब टाकायचा, असं ठरलं होतं. खालाचा मुलगा आखातात नोकरीला आहे. त्याने साठवलेले पैसे आले होते. ठेकेदार ओळखीतून आलेला, गोड बोलणारा, जुम्म्याच्या नमाजला पहिल्या सफमध्ये दिसणारा. एकूण काम चार लाख ऐंशी हजारांचं. त्यातले तीन लाख त्याने सुरुवातीलाच घेतले, "लोखंडाचे भाव वाढतायत, आजच उचलून ठेवतो" असं सांगून. एक ब्रास रेती येऊन पडली. एका गवंड्याने पाच दिवस भिंतीचं काम केलं. मग ठेकेदाराचा फोन बंद झाला.

त्या वर्षी पाऊस मे महिन्यातच आला. खालाने बकरी ईद ताडपत्रीखाली काढली.

आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. तिथला अधिकारी भला माणूस होता. त्याने खालाला खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि मग एकच प्रश्न विचारला. "मावशी, त्याने पैसे घेतले तेव्हाच त्याला काम करायचं नव्हतं, हे कशावरून?"

खाला म्हणाली, "त्याच्या मनात काय होतं ते अल्लाहला ठाऊक."

"खरं आहे," तो म्हणाला, "पण मला ते कागदावर लिहावं लागतं. नाहीतर हा दिवाणी मामला होतो."

त्या दिवशी मला त्या प्रश्नाचा राग आला होता. घर उघडं पडलंय, पैसे गेलेत, आणि हा माणूस नियतीच्या गप्पा मारतोय, असं वाटलं. नंतर कायद्याची आणि इतिहासाची पुस्तकं उलटी-पालटी केली तेव्हा कळलं, की त्याने विचारलेला प्रश्न दीडशे वर्षांहून जुना आहे. आणि तो नेहमीच सगळ्यांना सारखा विचारला गेलेला नाही. काही लोकांना तो न विचारताच तुरुंगात टाकलं गेलं. हा लेख त्याबद्दल आहे. त्यात माझीही एक चूक आहे, ती शेवटी सांगतो.

घर बांधणाऱ्याने दगा दिला तर काय करायचं, हा प्रश्न माणूस घरात राहायला लागला तेव्हापासूनचा. सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीच्या बाबिलोनच्या हम्मुराबी राजाच्या कायद्यात त्याचं उत्तर फार कठोर आहे. बांधलेलं घर पडून मालक मेला तर बांधणाऱ्याला मृत्युदंड. मालकाचा मुलगा मेला तर बांधणाऱ्याच्या मुलाला. तिथे नियत विचारलीच जात नाही. घर पडलं, एवढं पुरे.

आपल्याकडे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'कंटकशोधन' नावाचं एक अधिकरण आहे, म्हणजे समाजातले काटे काढण्याचं प्रकरण. त्याची सुरुवातच कारागिरांपासून होते. काम कुठे, कधी आणि कसं करायचं हे ठरवून घ्या, आणि ठरल्या वेळेत झालं नाही तर मजुरीचा चौथा हिस्सा कापा आणि मजुरीच्या दुप्पट दंड घ्या, असा तिथला हिशोब. पण त्याच ग्रंथात मजुरी बुडवणाऱ्या मालकालाही दंड सांगितलेला आहे. काटा दोन्ही बाजूंना असू शकतो हे लिहिणाऱ्याला माहीत होतं.

इस्लामी परंपरेत हा विषय बाजारातून येतो. कुरआनातला एक पूर्ण सूरा, 'मुतफ्फिफीन', माप मारणाऱ्यांना उद्देशून आहे. बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून पैगंबरांनी आतला ओला भाग बाहेर काढला आणि फसवणारा आपल्यातला नाही असं बजावलं, ही हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. पुढे शहरं वाढली तेव्हा मुहतसिब हा अधिकारी आला. बाजारातली वजनं-मापं तपासणं हे त्याचं काम. चौदाव्या शतकात इजिप्तमध्ये इब्नुल उखुव्वा यांनी मुहतसिबासाठी जे पुस्तक लिहिलं, त्यात सुतार आणि घर बांधणारे कारागीरही त्याच्या देखरेखीखाली येतात.

फकीह मंडळींनी आणखी एक बारीक प्रश्न विचारला. कारागिराच्या हातात दिलेली वस्तू त्याच्या चुकीशिवाय खराब झाली तर भरपाई कोणी द्यायची? इमाम अबू हनीफा म्हणाले, ती वस्तू त्याच्याकडे अमानत आहे, त्याची चूक नसेल तर भरपाई नाही. त्यांचेच दोन शागिर्द, अबू युसूफ आणि मुहम्मद, म्हणाले की असं केलं तर लोकांचा माल सुरक्षित राहणार नाही, म्हणून कारागिराने जबाबदारी घ्यावी. उस्ताद कारागिराकडे बघत होते, शागिर्द गिऱ्हाइकाकडे. दोघांचंही म्हणणं आजच्या कोर्टात रोज ऐकायला मिळतं.

आता वाशिंदकडे येऊ. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, १८५४ मध्ये ती कल्याणला पोचली, आणि १८५५ मध्ये वाशिंदपर्यंत रूळ आले. तिथून पुढे कसारा गाठायला १८६१ उजाडलं आणि थळघाट ओलांडून इगतपुरीला पोचायला १८६५. म्हणजे काही वर्षं आपलं वाशिंद हे ईशान्येकडच्या फाट्याचं शेवटचं स्टेशन होतं. पुढे नुसती खडी, चुना, दगड, पूल, आणि मुकादमांच्या हाताखालचे हजारो मजूर.

रेल्वेने काम विलायती ठेकेदारांना दिलं. त्यांनी पोट-ठेकेदार नेमले, पोट-ठेकेदारांनी मुकादम, आणि मुकादमांनी गावोगाव उचल वाटून माणसं गोळा केली. पैसा वरून खाली येताना प्रत्येक पायरीवर थोडा अडकायचा. दुसऱ्या फाट्यावर, भोरघाटात, जानेवारी १८५९ मध्ये मजुरी थकल्यावरून मजुरांनी दंगा केला. तिथला ठेकेदार फॅव्हिएल त्याच वर्षी काम सोडून गेला. त्याच्या जागी आलेला ट्रेडवेल आल्या-आल्या वारला आणि त्याच्या बायकोने, ॲलिस ट्रेडवेलने, ठेका पुढे नेला. घाट १८६३ मध्ये सुरू झाला. १८६७ च्या पावसाळ्यात त्याच घाटातला एक मोठा कमानी पूल कोसळला. चौकशीत दगडकाम निकृष्ट निघालं, आणि मग जी.आय.पी. रेल्वेच्या इतर पुलांचंही बांधकाम तपासावं लागलं. वरून घडीव दगड आणि आत भरताड, ही युक्ती आजच्या ठेकेदाराने शोधलेली नाही.

त्याच १८५९ साली सरकारने एक कायदा केला, त्या वर्षाचा तेरावा. कामगारांच्या करारभंगाचा कायदा. मागणी कलकत्त्याच्या युरोपीय व्यापाऱ्यांची होती. कारागीर आणि मजूर कामासाठी आगाऊ पैसे घेतात आणि काम सोडून पळतात, ही त्यांची तक्रार. कायद्याच्या प्रस्तावनेत शब्द होता लबाडीचा. पण कलमांत लबाडी सिद्ध करायची गरज ठेवली नव्हती. मजुराने उचल घेतली आणि सबळ कारण नसताना काम केलं नाही, एवढं दाखवलं की मॅजिस्ट्रेट हुकूम काढायचा. पैसे परत कर किंवा काम पुरं कर, यातलं काय ते निवडायचा हक्क मालकाचा. मजुराने हुकूम पाळला नाही तर तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी. आधी कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या शहरांसाठी केलेला कायदा पुढे इतर मुलखांतही लावला गेला. आसामच्या चहामळ्यांत त्याचा किती वापर झाला हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांना माहीत आहे.

पुढच्या वर्षी, १८६० मध्ये, रेल्वे आणि सार्वजनिक कामांवरच्या मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटने झटपट मिटवावेत असाही एक कायदा झाला. म्हणजे मजुराला दाद मागायला एक दार उघडलं. पण दोन्हींतला फरक बघा. मजुराने पैसे घेऊन काम केलं नाही तर त्याच्यापुढे तुरुंग. त्याच्याकडून काम घेऊन पैसे दिले नाहीत तर मालकापुढे तंटा.

त्याच १८६० मध्ये भारतीय दंडसंहिता मंजूर झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. मेकॉलेच्या आयोगाने तिचा मसुदा १८३७ मध्येच तयार केला होता. तिच्यातलं कलम ४२० पुढे इतकं घरोघरी गेलं की 'चारशे वीस' ही मराठीत शिवी झाली आणि राज कपूरने १९५५ मध्ये त्यावर सिनेमा काढला. डेप्युटी नजीर अहमद, ज्यांना आपण उर्दूतले पहिले कादंबरीकार म्हणून ओळखतो, ते या संहितेच्या उर्दू भाषांतराच्या कामात होते. 'ताजीराते हिंद' हे नाव आपल्या कानावर सिनेमातल्या जज्जाच्या तोंडून पडलेलं असतं.

या संहितेने फसवणुकीची व्याख्या करताना एक गोष्ट मध्यभागी ठेवली: बेइमानीची नियत. आश्वासन मोडलं म्हणून माणूस गुन्हेगार होत नाही. देतानाच ते खोटं होतं, हे दाखवावं लागतं. हे तत्त्व चांगलं आहे. पाऊस लवकर आला, मजूर गावी गेले, ठेकेदार स्वतःच आजारी पडला, अशा शंभर कारणांनी काम अडतं. त्या प्रत्येकाला बेडी घालणं म्हणजे अन्याय. पण मग आपला प्रश्न उभा राहतो. एकाच काळात, एकाच मुलखात दोन कायदे चालू होते. दोन-पाच रुपयांची उचल घेतलेल्या मजुराची नियत विचारायची नाही, आणि हजारोंचा ठेका घेतलेल्याची नियत सिद्ध झाल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही.

इंग्लंडने आपल्या कामगारांवरचा असाच कायदा १८७५ मध्ये काढून टाकला. आपल्याकडे त्याला आणखी पन्नास वर्षं लागली. १९२५ मध्ये रद्द करणारा कायदा झाला आणि १९२६ च्या एप्रिलपासून १८५९ चा कायदा संपला. दंडसंहितेतली त्याच धर्तीची दोन कलमं, ४९० आणि ४९२, त्याच वेळी गेली.

कायदा गेला, उचल राहिली. शहापूर-मुरबाड-भिवंडी पट्ट्यातल्या वीटभट्ट्यांवर कातकरी कुटुंबं पावसाळ्यातल्या उपासमारीत उचल घेतात आणि दिवाळीनंतर भट्टीवर जाऊन ती फेडत बसतात. हिशोब मालकाच्या वहीत. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने असं राबवून घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली. ठाणे जिल्ह्यात श्रमजीवी संघटनेने १९८० च्या दशकापासून हा कायदा कागदावरून जमिनीवर आणण्यासाठी झगडा केला. आपल्या घराची वीट कोणत्या उचलीतून आली, हे आपण घर बांधताना विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

आता गिऱ्हाइकाच्या बाजूने काय झालं ते पाहू. मुंबईत मालकीच्या फ्लॅटचा धंदा वाढला आणि बिल्डर आगाऊ पैसे घेऊन लोकांना ताटकळत ठेवू लागले, तेव्हा महाराष्ट्राने १९६३ मध्ये मोफा कायदा आणला. आगाऊ रक्कम घेण्याआधी लेखी करार करायचा, त्या पैशाचं वेगळं खातं ठेवायचं, आणि हे मोडलं तर तीन वर्षांपर्यंत कैद. त्या पैशाचा विश्वासघात केला तर पाच वर्षांपर्यंत. २०१६ मध्ये केंद्राचा रेरा कायदा आला आणि मे २०१७ पासून महारेरा सुरू झालं. आता करार नोंदवल्याशिवाय दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. वाशिंद, आसनगाव भागात फ्लॅट घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

पण खालाच्या घराला यातलं काहीच लागू होत नाही. आपल्या जागेवर आपण घर बांधतो किंवा दुरुस्त करतो, तेव्हा समोर प्रवर्तक नसतो, ठेकेदार असतो. त्याला ना नोंदणी, ना परवाना. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात घरदुरुस्तीचा ठेकेदार सुरुवातीला एकूण रकमेच्या दहा टक्के किंवा एक हजार डॉलर, यातलं जे कमी असेल तेवढंच घेऊ शकतो. जास्त घेणं हाच गुन्हा. तिथे मनातली नियत शोधत बसावं लागत नाही. आकडा पुरेसा आहे. आपल्याकडे खालासारख्या गिऱ्हाइकासाठी असा आकडा कुठल्याच कायद्यात लिहिलेला नाही. तिच्या ठेकेदाराने बासष्ट टक्के आधी घेतले, आणि त्या क्षणी त्याने कोणताही कायदा मोडलेला नव्हता.

माणसं मेली की मात्र कायदा कडक होतो. ४ एप्रिल २०१३ ला मुंब्र्याजवळ शिळफाट्याला बांधकाम चालू असलेली सात मजली बेकायदा इमारत कोसळून ७४ जणांचा जीव गेला. २५ जुलै २०१७ ला घाटकोपरला साई दर्शन इमारत पडली, १७ जण गेले. तिच्या तळमजल्यावर नूतनीकरणाचं काम चाललं होतं. अशा वेळी सदोष मनुष्यवधाची कलमं लागतात. मुंब्रा १९९२-९३ च्या दंगलींनंतर झपाट्याने वाढलं. ज्यांना मुंबईत सुरक्षित वाटत नव्हतं, ज्यांना दुसरीकडे घर मिळत नव्हतं, ते तिथे मिळेल त्या भावात मिळेल त्या भिंतींमागे राहायला गेले. दुसरा पर्याय नसलेलं गिऱ्हाईक कागद मागत नाही, हे ठेकेदाराला बरोबर समजतं.

आजची कलमं थोडक्यात सांगतो. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. जुनं ४२० आता ३१८ च्या चौथ्या पोटकलमात आहे. फसवून पैसे किंवा माल काढून घेतला तर सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड. साध्या फसवणुकीला पूर्वी एक वर्ष होतं, आता तीन. विश्वासघाताचं जुनं ४०६ आता ३१६ मध्ये आहे आणि शिक्षा तीन वर्षांवरून पाच वर्षांपर्यंत गेली आहे. उत्तरेकडच्या पोलीस ठाण्यांत या गुन्ह्याला आजही 'अमानत में खयानत' म्हणतात.

दोन्हींतला फरक समजून घ्यायला हवा. पैसे घेतानाच बेइमानी होती तर फसवणूक. वस्तू विश्वासाने हाती आली आणि मग नियत फिरली तर विश्वासघात. तुम्ही स्वतः सिमेंटच्या गोण्या आणि लोखंड विकत घेऊन ठेकेदाराच्या ताब्यात दिलं आणि त्याने ते परस्पर विकलं, तर ती सरळ अमानतीतली खयानत. रोख बयाण्याचं तसं नाही, तिथे वाद सुरुवातीच्या नियतीवर जातो. एकाच व्यवहारात दोन्ही गुन्हे एकदम असू शकत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा सांगितलं. आणि करारभंग आणि फसवणूक यांतली रेघ सुरुवातीच्या नियतीवर ठरते, हे २००० सालच्या हृदय रंजन प्रसाद वर्मा खटल्यात सांगितलेलं आहे. त्या अधिकाऱ्याने खालाला विचारलं ते हेच.

न्यायालयं इतकी सावध का, याचंही कारण आहे. निव्वळ फेडता येत नाही म्हणून कर्जदाराला तुरुंगात टाकणं हे माणसाच्या जगण्याच्या हक्काविरुद्ध आहे, असं न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात लिहिलं. मला ते पटतं. ती सावधगिरी नसती तर १८५९ चा कायदा दुसऱ्या नावाने परत आला असता, आणि पहिला तुरुंगात गेला असता तो मजूरच.

हे मी इतक्या खात्रीने म्हणतो कारण आम्ही घरच्यांनी तेच केलं होतं.

ठेकेदार गायब झाला तेव्हा आमच्या हाताला लागला तो गवंडी. मुरबाड तालुक्यातला, चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. तो आपली मजुरी मागायला आला होता. ठेकेदाराने त्याचेही पाच दिवस बुडवले होते. आम्ही त्याला म्हणालो, तुझा माणूस पळाला, तू त्याला आणून दे. त्याची थापी, ओळंबा, गुण्या, घमेली, सगळं आम्ही खोलीत ठेवून कुलूप लावलं. "भाई, माझा काय संबंध?" एवढंच तो म्हणाला. पावसाआधीचे शेवटचे दिवस होते. गवंड्याच्या कमाईचे दिवस. नऊ दिवस त्याची हत्यारं आमच्याकडे होती. माझ्या संमतीने. त्याची नियत आम्ही विचारली नाही, पुरावाही मागितला नाही. तो गरीब होता आणि समोर होता, एवढं आम्हाला पुरलं.

१८५९ च्या कायद्याबद्दल वाचताना मला ते कुलूप आठवलं. मी उठून गेलो, हत्यारं परत दिली आणि त्याच्या पाच दिवसांचे पैसे आम्ही दिले. ते देणं आमच्यावर नव्हतं असं घरात कोणी तरी म्हणालं. घाम सुकण्याआधी मजुरी द्या, ही हदीस आपण मजुरांच्या मेळाव्यात ऐकवतो, घरच्या अंगणात विसरतो. मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "होतं असं." ते शब्द मला अजून टोचतात, कारण त्याच्या बाबतीत ते खरंच नेहमी होत असणार.

आणि मग त्यानेच आम्हाला रस्ता दाखवला. त्याच ठेकेदाराने त्याच महिन्यात आणखी कुठे कुठे कामं घेतली होती ती घरं त्याला माहीत होती. खालाला धरून चार निघाली. चौघांकडून लोखंडाच्या नावाने पैसे घेतलेले. चौघांना त्याने मोबाइलवर लोखंडाच्या खरेदीचं बिल पाठवलेलं, आणि चारही ठिकाणी ते एकच बिल, तोच नंबर, तीच तारीख. लोखंड एकाही घरी आलेलं नव्हतं. 'त्याच्या मनात काय होतं' याचं उत्तर चार फोनमध्ये पडून होतं. चौघांच्या तक्रारी, बिलांच्या प्रती आणि बँकेच्या नोंदी घेऊन आम्ही पुन्हा गेलो. त्या अधिकाऱ्याने ते कागद एकापुढे एक मांडले, बराच वेळ बघितले, आणि या वेळी दिवाणी हा शब्द काढला नाही. गुन्हा नोंदला गेला. खटला चालेल तसा चालेल.

मधल्या काळात जमातीतल्या बुजुर्गांनी ठेकेदाराच्या घरच्यांना बोलावलं. सत्तर हजार परत आले. आता तक्रार मागे घ्या, असं काहींचं म्हणणं होतं. आपल्याच माणसाला कोर्टात कशाला खेचायचं? मी जमातीच्या मध्यस्थीच्या विरोधात नाही. तिच्यामुळेच तेवढे पैसे दिसले. पण अशा गुन्ह्यात तडजोड करायची तर तीही न्यायालयाच्या परवानगीने होते, मशिदीच्या सहनात तिचा निकाल लागत नाही. आणि 'आपला माणूस' म्हणून झाकलेला ठेकेदार पुढच्या गावातल्या दुसऱ्या एखाद्या खालाकडे जातो. आम्ही सत्तर हजारांची पावती 'अंशतः परतफेड' अशी लिहून दिली आणि तक्रार तशीच ठेवली.

ज्यांचं घरकाम निघालं आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी. पैसे एकदम देऊ नका, कामाच्या टप्प्याला द्या, आणि बँकेतून द्या. कोणत्या टप्प्याला किती आणि कधीपर्यंत, हे एका कागदावर दोघांच्या सहीने लिहा. माल शक्यतो स्वतः विकत घ्या, बिल आपल्या नावाचं. काम अडलं तर फोनवर भांडण्याऐवजी लेखी विचारा. त्याची उत्तरं हाच पुढे पुरावा होतो. पोलिसांनी तक्रार घेतली नाही तर ती पोलीस अधीक्षकांकडे लेखी पाठवता येते, आणि त्यानंतर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. बांधकाम ही ग्राहक कायद्याखालची सेवा आहे हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्येच मान्य केलंय. म्हणून फौजदारी होवो न होवो, जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं. आणि स्त्रियांना, मग उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या कायद्याप्रमाणे सरकारी खर्चाने वकील मिळतो. तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा. हे आम्हाला सहा आठवडे उशिरा कळलं.

कागद मागितला की समोरच्याला वाईट वाटेल, हा आपला जुना आजार. आपल्यातलाच आहे, नमाजी आहे, त्याच्याकडून काय लिहून घ्यायचं? पण कुरआनातली सगळ्यात लांब आयत नमाज-रोजाबद्दल नाही. सूरा बकराची २८२ वी आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. लिहिणारा कसा असावा, साक्षीदार किती असावेत, रक्कम लहान असो की मोठी लिहायचा कंटाळा करू नका, इतक्या बारकाईने ती सांगते. ती इमानदारांना उद्देशून आहे, हे मी इतकी वर्षं वाचूनही लक्षात घेतलं नव्हतं. लिहिणं हा अविश्वास असता तर तो इमानवाल्यांना कशाला सांगितला असता?

मुलाने पुन्हा पैसे पाठवले आणि पावसानंतर खालाच्या घरावर स्लॅब पडला. या वेळी ठेकेदार नव्हता. काम त्याच मुरबाडच्या गवंड्याने केलं. पहिल्या दिवशी तो आला तेव्हा खालाने त्याच्यापुढे शाळेची शंभर पानी वही ठेवली. टप्पे, रकमा, तारखा तिने स्वतः लिहिल्या होत्या. त्याने वाचून सही केली. मग वही तिच्याकडे परत सरकवून म्हणाला, "मावशी, शनिवारी मजुरी द्यायची, तेही लिहा. आणि तुम्हीपण सही करा."

खालाने लिहिलं, आणि सही केली.